बंदरावरचे आठ दिवस

गोपिका करंजखोलच्या थांब्यावर उतरली तेव्हा तिला आधी उंट दिसला. समुद्र नंतर. पाठीवर आरसेवाली झूल घातलेला तो उंट दोन पोरींना बसवून वाळूवरून डुलत चालला होता, आणि त्याच्या चार पायांच्या मधून काहीतरी पांढरं चकाकत होतं. उंट सरकला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते पाणी आहे.

नागपूरहून गाडीत बसल्याला दीड दिवस होत आला होता. खेडला उतरून पुढे एसटी. पिशवीत लाखोळीची डाळ, सांडगे आणि भिवापुरी तिखटाची पुडी होती. ती रस्त्याच्या कडेला पिशवी पायांत धरून उभी राहिली आणि पाहत राहिली. काहीतरी कमी वाटत होतं. बऱ्याच वेळानं तिला कळलं, पलीकडचा काठ नव्हता. त्यांच्या सालईटोल्याच्या तलावावर पलीकडे पहाड होता, पळसाची झाडं होती. सकाळी तिकडं कोणी भांडं आपटलं तरी इकडं ऐकू यायचं. इथं पाणी जाऊन जाऊन आभाळात संपत होतं.

शहाळीवाल्याला तिनं विचारलं, "भाऊ, श्रावण नान्हे कुठी राहते? नागपूरकडचा. बोटीवर हाय."

"नागपूर? असं सांगा की. सुभद्राकाकीकडे. त्या निळ्या घराच्या मागे."

निळ्या घराच्या ओट्यावर साठीची एक जाडजूड बाई सुक्या बोंबलांची टोपली निवडत बसली होती. घरातल्या तीन खोल्या ती उन्हाळ्यात पर्यटकांना देई. मागं जाळी ठेवायची पत्र्याची खोली होती. तिच्यात श्रावण दोन वर्षांपासून राहत होता.

"तू त्याची बायको?" सुभद्राकाकीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आणि तो तर गुरुवारीच दर्यात गेला गो. सोमवारी येईल. त्याला ठाऊक नाय तू येणार ते?"

"नाई."

"फोन तरी करायचास."

"केला असता तं म्हनला असता, येऊ नको."

काकी हसली नाही. टोपली बाजूला सारून म्हणाली, "बस. पाणी पी आधी."

गोपिका त्याला न्यायला आली होती. सालईटोल्याचा तलाव तीन वर्षं बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला होता. आता तो परत गावातल्या मासेमार धीवरांच्या सोसायटीला मिळाला होता. जूनमध्ये मीटिंग होती. त्याच महिन्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, तलावात सोडायची होती. जो सभासद तेव्हा हजर नसेल त्याचं नाव निघणार होतं. फोनवर श्रावण "पाहू" म्हणायचा. दोन वर्षांत तो दोनदा घरी आला, दोन्ही वेळा चार दिवस. गोपिका कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जाई. हातांची आग घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येई, आणि चूल पेटवताना कधी कधी तिला वाटे की आपल्याला नवरा होता, हे आपण कुठंतरी ऐकलं आहे.

पत्र्याच्या खोलीत त्याची चटई होती, दोन शर्ट होते, एक जर्मनचं पातेलं. आढ्याला बारीक धाग्याचं अर्धवट विणलेलं फेकजाळं टांगलं होतं. तिनं त्याचा फासा बोटात धरून पाहिला. तलावातल्या जाळ्याचाच होता.

"हे समुद्रात चालते काय वं काकी?"

"छ्या. एवढ्याशा जाळ्यात काय येतंय? पावसाळ्यात बसून विणतो. मी विचारलं तर म्हणाला, हात विसरतील."

रविवारी सकाळी वारा पडला. माडाची एक झावळी हलत नव्हती. समुद्र तेल ओतल्यासारखा जाड झाला होता, आणि त्यावर ऊन नुसतं पसरून पडलं होतं. दहा वाजता बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीगल्लीतून फिरली: वादळ येत आहे, कोणी पाण्यात उतरू नये, पर्यटकांनी परत जावं.

दुपारपर्यंत रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. उंट कुठं गेला कोणास ठाऊक. सुभद्राकाकीच्या खोल्यांतले लोक घाईघाईनं बॅगा भरत होते. दोन नंबरच्या खोलीतली बाई बाहेर येऊन गोपिकेला म्हणाली, "ए बाई, ही बॅग गाडीत ठेव. आणि बाथरूममधले ओले कपडे पिळून आण." गोपिकेनं बॅग उचलली. कपडे पिळले. बाईनं तिच्या हातावर वीस रुपये ठेवले. ती मूठ मिटून तशीच उभी राहिली आणि गाडी गेल्यावर नोट काकीच्या टोपलीखाली सारली.

मग बोटी येऊ लागल्या. आधी एक, मग तीन, मग ओळीनं. कोळणी पदर खोचून वाळूवर उभ्या होत्या. प्रत्येक बोटीचं नाव लांबूनच ओळखून एखादी बाई पुढं पळे. गोपिकेला एकही बोट ओळखता येत नव्हती. तिनं नुसतं नाव पाठ करून ठेवलं होतं, जलकन्या. दर बोटीला ती शेजारणीला विचारी, "हे हाय काय?" आणि शेजारीण मान हलवी. काळोख पडायला आला तेव्हा दोन बोटी बाकी होत्या. त्यांतली एक थोड्या वेळानं आली. ती जलकन्या नव्हती.

"लांब गेले असतील," काकी म्हणाली. "लांब गेलेला माणूस जवळ असेल त्या खाडीत शिरतो. बोट हाकणारा तांडेल जुना आहे त्यांचा. चल घरात."

सोमवारी वारा समुद्राकडून आला. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या शिट्टीसारख्या वाजत होत्या. श्रावणचा फोन लागत नव्हता. दर वेळी तीच मुलगी तेच वाक्य बोलायची. काकीनं तिला बसू दिलं नाही. अंगणातली सगळी सुकट आत घ्यायची होती. दोघींनी मिळून सुकटीची वीस पोती पाठीवर वाहून आणली आणि मधल्या खोलीत, जिथं कालपर्यंत पर्यटकांच्या गाद्या होत्या, तिथं रचली. खारट धूळ गोपिकेच्या नाकात गेली. मिरचीच्या धुळीसारखी ती झोंबत नव्हती, नुसती जिभेवर येऊन बसत होती. पाठीला पोत्याचे वळ उठले. तिला बरं वाटलं.

मंगळवारी वादळ आलं. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या दोघी पोत्यांच्या मधल्या जागेत बसून होत्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. खिडकीतून पांढरं काहीतरी आडवं वाहत होतं, ते पाणी होतं की वाळू होती ते कळत नव्हतं. पत्र्याच्या खोलीचं छप्पर एकदा फडफडलं, मग उठून माडांवरून निघून गेलं. आवाज सुद्धा झाला नाही, किंवा झाला तो वाऱ्यात मिसळला. काकीनं चूल पेटवून चहा केला. गोपिकेचा डोळा लागला. तिला वाटलं, घरच पाण्यावर आहे आणि हळूहळू सरकतं आहे. श्रावण तलावावरच्या जुन्या डोंग्यात बसून शेजारून चालला आहे. तो वल्हं मारत नव्हता. डोंगा आपला आपण चालत होता. "कुठी चालला गा?" तिनं विचारलं. त्यानं पलीकडं बोट दाखवलं, आणि तिकडं काठ नव्हता.

जागी झाली तेव्हा काकी तिच्या अंगावर गोधडी टाकत होती.

"तो येईल नं वं काकी?"

काकीनं गोधडीचं टोक तिच्या पायाखाली खोचलं. "माझा नवरा आला नव्हता," ती म्हणाली. "पण तेव्हा वाऱ्याची बातमी मिळत नसे. आता मिळते. म्हणून मी तुला येईल म्हणते. उगाच म्हणत नाय."

बुधवारी पाऊस उरला होता, वारा गेला होता. वीज नव्हती. वाळूवर माडाच्या झावळ्या, थर्माकोलचे तुकडे, एक अख्खी लाकडी खुर्ची आणि सगळीकडे गुंतलेली जाळी पडली होती. बायका ती ओढून ओढून काकीच्या पडवीत आणत होत्या. तिथं बसून फाटलेलं जोडायचं होतं. गोपिका गेली आणि न विचारता सुई उचलली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिची गाठ वेगळी होती; त्या वरून फिरवीत, ती खालून घेई. एका कोळणीनं ती ओढून पाहिली.

"सुटत नाय गो ही."

"आमच्या इकडची हाय," गोपिका म्हणाली.

दिवसभर पावसाच्या आवाजात सुया चालल्या. भिजलेल्या धाग्यानं बोटांच्या पेरांना चरे पडले. दुपारी बायका जेवायला गेल्या आणि दोघीच उरल्या तेव्हा काकीनं विचारलं, "तो घर सोडून एवढ्या लांब का आला गो? मला कधी सांगितलं नाय त्यानं. तलावाचं सांगतो, माशांचं सांगतो. हे सांगत नाय."

गोपिकेची सुई थांबली. मग ती हळूहळू बोलू लागली, जाळ्याकडे पाहतच.

ठेकेदाराच्या पहिल्या वर्षी श्रावण एका सकाळी तलावात उतरला होता. लपून नव्हे, बापजाद्यांच्या सवयीनं. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला पकडलं, ओलं जाळं त्याच्या गळ्यात घातलं आणि बंधाऱ्यावर बसवून ठेवलं. उन्हात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जाळ्यात दोन मेलेले रोहू होते. गाव त्याच रस्त्यानं येत जात होतं.

"मग तू काय केलंस?"

"माहं घर बंधाऱ्याच्या समोरच हाय काकी. मी दारात आली. पाह्यलं. आन् दार लावून घेतलं." तिनं धागा दातानं तोडला. "त्याले वाटते मी त्या दिवशी कामाले गेलती. मीच तसं सांगतलं. दोन महिन्यांनी तो इकडं निघून आला."

काकीनं तुटलेलं टोक गोपिकेच्या बाजूला सरकवलं.

गुरुवारी बंदरावर मच्छीमार संघटनेच्या खोलीत यादी होत होती. न आलेली जलकन्या आणि तिच्यावरचे सात लोक. अरुंधती नावाची एक तरुण मुलगी वहीत लिहीत होती, तिच्या मागं एक चष्मेवाला माणूस खुर्चीत बसला होता. मुलीनं नावं वाचली. तांडेलाचं पूर्ण नाव होतं, गाव होतं, फोन होता. शेवटच्या ओळीत एकच शब्द होता: नागपूर.

"हा माहा नवरा," गोपिका म्हणाली. "त्याचं नाव नागपूर नाई. नाव लिहा."

"तुमचं आधार कार्ड?" चष्मेवाल्यानं विचारलं. "लग्नाचा काही पुरावा? उद्या काही बरंवाईट झालं तर कोणीही येऊन बायको आहे म्हणेल."

खोलीत पंधरावीस माणसं होती. गोपिकेचे कान तापले. पिशवी काकीच्या घरी होती. ती भिंतीजवळ सरकली, आणि तिला एकाएकी तो बंधारा आठवला, आणि आपल्या घराचं दार. ती परत पुढं आली. टेबलाला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"कार्ड आनतो मी. पन आधी नाव लिहा. श्रावण डोमाजी नान्हे. मुक्काम सालईटोला, तालुका रामटेक. उजव्या पायाच्या करंगळीचं नख नाई. पोहता येते. लिही वं बाई."

अरुंधतीनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं ती एका शब्दाची ओळ खोडली आणि सगळं लिहिलं, नखासकट. मग वही फिरवून गोपिकेपुढं धरली. "बरोबर आहे का बघा."

शुक्रवारी ऊन पडलं. आभाळ असं धुतलेलं होतं की त्याच्याकडे पाहून थकवा येई. सुकट पुन्हा अंगणात पसरली होती, निम्मी कुजली होती; बायका कुजलेली वेचून टाकत होत्या. अकराच्या सुमारास अरुंधती स्कूटीवरून आली. ती उतरलीसुद्धा नाही.

"जलकन्या सापडली! खाली दोन तालुके सोडून एका खाडीत होती. इंजिन गेलंय, माणसं सगळी आहेत. उद्या टेम्पोनं येतील."

काकीनं टोपली खाली ठेवली आणि आत जाऊन रडली. गोपिकेला रडू आलं नाही. ती कुजलेली सुकट वेचत राहिली. सगळं अंगण साफ झालं तरी तिचे हात जमिनीवर काहीतरी शोधत होते.

श्रावण शनिवारी दुपारी आला. टेम्पोतून उतरलेल्या सात माणसांत तिला तो लगेच ओळखता आला नाही. अंगात कोणाचातरी ढगळ शर्ट होता, ओठ फुटले होते, दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यानं तिला पाहिलं आणि जणू ती शेजारच्या गावाहून आली असावी तसा म्हणाला, "कवा आली?"

"मागच्या शनिवारी."

"कोनी बलावलं?"

"कोनी नाई. मीच आली."

तो घराच्या मागं गेला, छप्पर उडालेल्या खोलीपाशी, आणि समुद्राकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला. तिनं लाखोळीची डाळ शिजवली, तिखट घालून भाताबरोबर वाढली. त्याला हातानं घास धरता येत नव्हता. तिनं कालवून चमचा दिला. खाता खाता तो मध्येच बोलू लागला.

"दोन दिवस हातानं पानी उपसलं. पंप बंद पडला. लाट दिसेच नाई वं. नुसतं कोनी खालून उचलून राहिलं असं वाटे. मी रडलो. तांडेलासमोर रडलो. धीवराचा पोट्टा, आन् पान्याले भ्यालो."

"सारेच भेत असतीन."

"बाकीचे नाई रडले."

ती त्याच्या शेजारी बसली. हे आता सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगता येणार नाही, असं तिला वाटलं.

"बंधाऱ्यावर तुले बसवलं होतं, त्या दिवशी मी घरीच होती. मी पाह्यलं. आन् दार लावून घेतलं."

चमचा ताटात राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो उठला, हातावरच्या चिंध्या न भिजवता कसंबसं तोंड धुतलं आणि घराला वळसा घालून निघून गेला. समुद्राकडे.

काकी दारात आली होती. गोपिकेनं हातानंच तिला थांबवलं. ताट तसंच ठेवून ती बसून राहिली. डाळीवर साय धरली. कोंबडी येऊन भात उचलून गेली. माडाची सावली अंगणभर फिरून कुंपणाला टेकली, तरी ती उठली नाही. वारं मंद होतं, लाटांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात तिला आपण इथं आहोत की घरी, हेही नीट कळेनासं झालं.

तो आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. तो भिंतीपाशी बसला, या वेळी तिच्याकडे तोंड करून.

"दार लावलं ते बरं केलं," तो म्हणाला. "तू पाहून राहिली असती तं मी तिथंच मेलो असतो." मग म्हणाला, "पन मी घरी आलो तवा तू म्हनली, कामाले गेलती. ते कायले म्हनली?"

"भेव वाटलं."

"माहं?"

"तुहं नाई. माहंच."

त्यानं ताट पुढं ओढलं. थंड झालेला भात खाल्ला. शेवटी चमचा चाटून, ताटाकडे पाहत त्यानं विचारलं, "सोसायटीची मीटिंग कोनत्या तारखेले हाय?"

"नऊ जून."

"बोटुकली कोन आननार?"

"तू असला तं तूच आनशीन."

तो हो म्हणाला नाही. "काकीच्या खोलीवर आधी पत्रे टाकाव लागते," एवढंच म्हणाला. पण रात्री झोपण्याआधी त्यानं अर्धवट फेकजाळं वाऱ्यानं कुठं नेलं ते दोनदा विचारलं. ते कुठंच सापडलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं आणि दोघा खलाशांनी खोलीवर पत्रे टाकले. मीटिंगला आता थोडेच दिवस उरले होते. संध्याकाळी पाचच्या एसटीनं खेड गाठायचं ठरलं. काकीनं सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पिशवी बांधून दिली.

दोनच्या सुमाराला बंदराकडून हाळी आली. मोसम संपला होता, बोटी वर ओढायच्या होत्या. मनुष्यबळ कमी पडत होतं. श्रावण उठला. गोपिकाही त्याच्या मागून गेली.

बोटीखाली तेल लावलेले ओंडके घातले होते. दोरावर पस्तीस-चाळीस माणसं होती. बायका बाजूला उभ्या राहून ओंडके मागून पुढं नेत होत्या. गोपिकेनं एक ओंडका वाहिला, दुसरा वाहिला. मग दोराच्या शेवटाला श्रावणच्या मागं जागा दिसली तिथं जाऊन तिनं दोर धरला. त्यानं मान वळवली.

"हात सोलतीन तुहे."

"तुहे तं अगोदरच सोलले हायेत. वढ."

तांडेलानं आरोळी दिली. सगळे मागं रेलले. काहीच हललं नाही. पुन्हा आरोळी. गोपिकेच्या टाचा वाळूत रुतल्या, पोटऱ्या थरथरल्या, समोर श्रावणच्या पाठीवरचा शर्ट घामानं काळा होत गेला. तिसऱ्या वेळी ते प्रचंड धूड कुरकुरलं आणि वीतभर पुढं आलं. माणसं हसली. मग पुन्हा वीतभर. एक बोट वर चढायला तास लागला. दुसरीला त्याहून जास्त.

दुसरी बोट टेकू लावून उभी राहिली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. माणसं विडी ओढायला पांगली. श्रावण बोटीच्या सावलीत बसला, लाकडाला पाठ टेकवली आणि बसल्या बसल्या झोपला. तोंड समुद्राकडे होतं. त्याचा एक पाय मध्येच झटका देई आणि मग सैल पडे.

गोपिका शेजारी बसली. पाणी मागं सरत चाललं होतं आणि त्याच्या मागं ओली वाळू आभाळासारखी दिसत होती. तिला आता त्यात काही शोधावंसं वाटलं नाही. वरच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि तसाच राहू दिला.

गाडी थांब्यावर थोडी थांबली, मग घाटाकडे निघून गेली. दुसरी सकाळी सहाला होती.